मालवाहू जहाजावर यॉट चढवायची तयारी : माझा अनुभव

जहाज कंपनी लांबी विचारते तेव्हा नोंदणीच्या कागदावरचा आकडा देऊ नका. पुढचा नांगर, मागची शिडी, कठडा, सगळं धरून टोकापासून टोकापर्यंत टेप लावून मोजा. भाडं आणि जहाजाच्या डेकवरची जागा त्यावरच ठरते. वजनाचंही तेच. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. त्यात नांगराची साखळी, अवजारं, डिंगी (सोबतची छोटी होडी), इंधन काहीच धरलेलं नसतं. पाण्याच्या टाक्या मी पूर्ण रिकाम्या केल्या. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, तेही बोटीखालून घालून ती उचलणाऱ्या क्रेनच्या पट्ट्यांवर. डिझेल तळाशी थोडंसं ठेवलं, गॅसचे सिलिंडर उतरवले.

सगळ्यात जास्त वेळ पट्ट्यांच्या जागांना द्यावा. पट्टा प्रॉपेलरच्या शाफ्टवर, सुकाणूवर किंवा तळातल्या वेगमापकाच्या चकतीवर आला तर उचलतानाच नुकसान होतं. बोट पाण्याबाहेर असतानाचा बाजूने काढलेला फोटो जवळ ठेवा, त्यावरून अंतरं मोजा आणि दोन्ही बाजूंना बोटीच्या डेकच्या कडेवर ठळक रंगाच्या टेपने खुणा करा. क्रेनचा हुक डोलकाठी आणि मागचा स्टे (डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार) यांच्या मधून खाली येतो. तिथे जागा कमी असेल तर मागचा स्टे सोडावा लागतो. त्याआधी दोन मोकळ्या हॅलयार्ड (शिडं वर चढवायचे दोर) मागच्या दोन कोपऱ्यांना ताणून डोलकाठीला आधार द्या.

शिडं, बिमिनी आणि स्प्रेहूड (ऊन आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून आडोशाची कापडी छतं), सगळं खाली. शीड नुसतं गुंडाळून ठेवलं तर खुल्या समुद्रातला वारा कधीतरी त्याचा कोपरा सोडवतोच, मग ते फाटेपर्यंत फडफडत राहतं. डोलकाठीच्या टोकावरचं वाऱ्याचं यंत्र आणि अँटेना काढा. बोटीवर ताडपत्री घालू नका. ती हलत राहते आणि जेलकोट (बोटीवरचा बाहेरचा चकचकीत थर) घासते. बोट टेकवायचा पाळणा बांधताना जहाजाच्या डेकवर वेल्डिंग आणि ग्राइंडिंग चालतं. त्या लोखंडाचे कण जेलकोटवर पडून ओल्या हवेत गंजतात आणि तांबूस ठिपके उमटतात. त्यावर धुराड्याची काजळी बसते. चढवण्याआधी मेणाचा जाड थर दिलेला असला की दोन्ही निघायला सोपं जातं.

सगळे सीकॉक (बोटीच्या तळातल्या पाण्याच्या भोकांवरचे झडप-नळ) बंद करा असं सरसकट सांगतात, ते अर्धंच खरं. कॉकपिटचं (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीचं) पाणी ज्या सीकॉकमधून जातं तो उघडाच हवा. नाहीतर पाऊस कॉकपिटमध्ये साचून केबिनमध्ये उतरतो. डोलकाठी डेकमधून थेट कीलपर्यंत (बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत) जाणारी असेल तर तिच्यातूनही पाणी झिरपतं. म्हणून बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तरी स्वयंचलित बिल्ज पंपाची (तळाशी साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची) तार जोडलेली ठेवली आणि त्याचा फ्लोट (पाण्यावर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच) हाताने उचलून पंप चालतो का ते पाहिलं.

उतरवताना बोट पाण्याला लागली की पट्टे सोडायची घाई करतात. ती करू देऊ नका. आधी खाली जाऊन प्रत्येक सीकॉक, वेगमापकाची जागा आणि शाफ्टची सील टॉर्चने पाहा. सील रबरी असेल तर दाबून त्यातली हवा काढा. इंजिनाच्या पाण्याचा सीकॉक उघडायचा राहिला तर पंपातलं रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारी पात्यांची चकती) कोरडं फिरून काही मिनिटांत फाटतं. इंजिनाची किल्ली मी त्या सीकॉकच्या दांड्यालाच बांधून ठेवली होती.