मंडईची रात्र, वडशाचं नाटक

परवा मंडईला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेला, मामाच्या गावी गेलो, ते खरं तर नाटकासाठीच. गडचिरोलीतल्या वडशाची नाटक कंपनी. शेतात शामियाना, खाली तणस (भाताचा पेंढा), अंगावर घोंगडी. साडेदहाला पडदा उघडला तो पहाटे चारलाच मिटला! दुसऱ्या अंकात माइक बंद पडला. खलनायकानं नुसत्या गळ्यावर प्रवेश मारून नेला. मध्येच लावणी आली, तेव्हा डुलक्या घेणारे मामाजी टक्क जागे. (मामीनं ते पाहिलं.) २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा ह्याच मामाजींनी पेढे वाटले होते.

आता शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची वाट. दिवसा बैलं, रात्री नाटक. जावई म्हणतात, मोबाइलवर पाहा ना. त्यांनाही घेऊन जाणार आहे, तणसावर बसवायला.