तुम्ही विचारलंत म्हणून: रोजंदारीवरचा मजूर खासदार झाला तरी कसा?

इटलीचे कामगार नेते ज्युझेप्पे दी व्हित्तोरिओंचं नाव निघालं की हा प्रश्न हटकून येतो. लहानपणी बाप गेला, शाळा सुटली, पोर शेतमजुरीला लागलं. ते इटलीच्या संसदेत पोचलं कसं? कम्युनिस्ट पक्षाने वर काढलं, असं झटकन म्हटलं जातं. पण 1921 मध्ये ते निवडून आले तेव्हा लुचेराच्या तुरुंगात होते आणि उमेदवारी समाजवादी पक्षाची होती. कम्युनिस्ट पक्षात आले ते 1924 साली. माझ्या मते त्यांना घडवलं मजूर नाक्याने.

1892 चा जन्म, गाव दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतातलं चेरिन्योला. तिथले मजूर शेतावर नाही, गावात राहत. उजाडायच्या आत चौकात उभं राहायचं. मुकादम निवडेल त्यांना काम, बाकीच्यांचा दिवस बुडाला. अशा ठिकाणी नुसता दर वाढवून मागण्यात हशील नाही. आज जो बोलला त्याला उद्या मुकादम घेतच नाही. म्हणून मजूर संघांनी आधी भरतीलाच हात घातला: माणसं संघाकडूनच घ्या, यादीप्रमाणे, पाळीपाळीने. यावर जमीनदारांचा उतारा ठरलेला, बाहेरगावचे मजूर स्वस्तात आणायचे. तेव्हा एकट्या गावाचा संघ टिकत नाही, आजूबाजूची गावंही बांधावी लागतात. विशीच्या आसपासच दी व्हित्तोरिओ शेजारच्या मिनेर्व्हिनो मुर्जेत हेच काम बघत होते.

फॅसिस्टांच्या काळात परदेशात आसरा, स्पेनचं युद्ध, व्हेंतोतेने बेटावर स्थानबद्धता. 1945 पासून ते सीजीआयएल या कामगार महासंघाचे प्रमुख, 1949 पासून कामगार संघटनांच्या जागतिक महासंघाचेही अध्यक्ष. आपली आयटक त्याचीच सदस्य.

भरतीचा धागा मात्र सुटला नाही. 1947 च्या कायद्याने जमीनदाराला जमिनीच्या हिशेबात ठरावीक मजूर ठेवणं सक्तीचं झालं. तरीही काम पुरेना, तेव्हा मजूर ‘उलटा संप’ करत: बेकारांनी टिकाव-फावडी घेऊन रस्ता किंवा कालवा परवानगीशिवाय दुरुस्त करायचा, मग मजुरी मागायची. 1950 च्या सुरुवातीला मध्य इटलीतल्या फुचिनोत, तोर्लोनिया सरदारांच्या जमिनीवर, हे मोठ्या प्रमाणावर झालं. पोलिसांचीही पंचाईत, कारण काम करणाऱ्याला कामावरून हुसकायचं कसं?

कारखान्यात हा भरतीचा हिशेब लागू पडला नाही. 1955 मध्ये फिआट या मोटार कंपनीत कामगार प्रतिनिधींच्या अंतर्गत समितीच्या निवडणुकीत सीजीआयएलने बहुमत गमावलं. कार्यकर्त्यांना काढून टाकणं, संप न करणाऱ्यांना बक्षिसी हे सगळं मालकाने केलंच होतं आणि तेवढ्यावर बोट ठेवून मोकळं होता आलं असतं. दी व्हित्तोरिओंनी संघटनेच्या बैठकीत उलट सांगितलं: आपण देशपातळीवरचे करार करत बसलो आणि यंत्रं, कामाचा वेग, खात्याखात्यातली मजुरी कशी बदलली ते पाहिलंच नाही. त्यानंतर संघटना कारखानानिहाय वाटाघाटींकडे वळू लागली. 3 नोव्हेंबर 1957 ला ते लेक्कोत वारले. पुढच्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने जमीनदारांवर मजूर ठेवण्याची सक्ती करणारा तो 1947 चा कायदा रद्द ठरवला.