मे महिन्यात सरकलेला सांधा

बाहुली जालन्याहून आली. मानेमागे ‘आर्माँ मार्सेल, जर्मनी, ३९०’. जुन्या बाहुल्यांच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त हाताखालून जाणारा साचा. डोकं बिस्कचं, म्हणजे बिनचकाकीच्या चिनी मातीचं. धड भुसा आणि सरसाच्या लगद्याचं. कानामागून गळ्याच्या काठापर्यंतची फूट आधी कुणीतरी जोडलेली होती, पण तुकडा अर्धा मिलिमीटर बाहेर आलेला. बाहुली पडली नव्हती, आपटली नव्हती. नख फिरवलं की पायरी लागायची.

आधीच्या कारागिराला शिव्या घालायची आपल्याकडे रीतच आहे. इथं सोय नव्हती. कडा स्वच्छ, गोंद बेताचा, वर रंगाची थापाथापी नाही. ॲसिटोनचा बोळा लावताच सांधा विरघळला, म्हणजे बहुधा पॅरालॉइड बी-७२ हा ॲक्रिलिक गोंद. संग्रहालयांत हाच वापरतात, कारण तो पुन्हा उतरवता येतो. पण साधारण ४० अंशांना तो मऊ पडू लागतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखालच्या माळ्यावर ४० म्हणजे काहीच नाही. त्यात गळ्यावर कायमची ओढ. डोक्यातल्या आकड्याला अडकवलेलं इलॅस्टिक धडातून पायांपर्यंत ताणलेलं; आकड्याचा लाकडी गट्टू गळ्याच्या भोकात पाचरीसारखा रुतलेला. त्या पाचरीनं तुकडा हळूहळू बाहेर रेटला.

मालकीणबाई म्हणाल्या, “भाऊ, ॲराल्डाइटच लावून टाका ना एकदाचं.” सगळे हेच म्हणतात. ॲराल्डाइट म्हणजे इपॉक्सी; ती उन्हाळा काढेल, पण पिवळी पडते आणि पुन्हा खोलायची वेळ आली तर बिस्कचा टवका घेऊन निघते.

डोकं आधी धडापासून सुटं केलं, कारण ॲसिटोनचा थेंब धडावर पडला तर तिथला रंग गेलाच. गालांचा-भुवयांचा रंग भट्टीत भाजलेला, त्याला काही होत नाही. पापण्यांवरचं मेण मात्र जपावं लागतं. जोडायला बी-७२ आणि त्याच जातीचं बी-४४ निम्मं-निम्मं घेतलं. बी-४४ ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण एकटं वापरलं तर ठिसूळ. काम पहाटे. दुपारी ॲसिटोन इतकं झपाट्यानं उडतं की तुकडा बसायच्या आत गोंदावर साय धरते, आत बुडबुडे राहतात. आणि कूलर बंद! दमट हवेत सांधा पांढुरका होतो, धडाचा लगदाही फुगतो.

पण खरा इलाज गोंदात नव्हता. पाचरीसारखा गट्टू काढून त्याजागी रुंद लाकडी चकती बसवली, खाली मऊ चामड्याचा वॉशर, म्हणजे भार पूर्ण काठावर वाटला जातो. इलॅस्टिकही एक नंबर बारीक, मान उभी राहील इतपतच ताणलेलं.

तरी त्या एका तुकड्यापुरती इपॉक्सी वापरायला हवी होती का, हे अजून डोक्यात घोळतंय. बाहुली माळ्यावरून खालच्या कपाटात गेली आहे, आणि मे संपला की गळ्याची रेघ भिंगाखाली बघायची असं ठरलंय. मालकीणबाईंची तक्रार वेगळीच आहे: मान पूर्वीसारखी ताठ राहत नाही.