भुईकाट्याचे वजन आणि क्विकबेसिकचा सीरियल पोर्ट
नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका भुईकाट्यावर (ट्रकसकट वजन करणाऱ्या काट्यावर) डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा, मायक्रोसॉफ्टच्या क्विकबेसिक ४.५ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून कंपाइल केलेला (थेट चालणाऱ्या फाइलमध्ये बदललेला) वजनाचा प्रोग्राम आजही वापरात आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, कोणी विचारण्याची वाट न पाहता आरएस-२३२ या सीरियल पोर्टच्या जोडणीवरून वजन अखंड पाठवत राहतो. प्रत्येक वजनानंतर कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळ संपल्याची खूण, येते. प्रोग्रामची खरी कसोटी या अखंडपणातच आहे.

अशा ठिकाणी 'लाइन इनपुट' ही पूर्ण ओळ वाचणारी आज्ञा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केबल निघाली किंवा इंडिकेटर बंद पडला, तर ही आज्ञा कॅरेज रिटर्नची वाट पाहत बसते आणि तोवर ऑपरेटरने कळफलकावर काहीही दाबले तरी प्रोग्राम त्याकडे पाहत नाही. त्याऐवजी 'एलओसी' फंक्शनने बफरमध्ये (आलेली अक्षरे वाचली जाईपर्यंत साठवणाऱ्या जागेत) किती अक्षरे आली आहेत ते पाहावे, तेवढीच 'इनपुट$' ने उचलावीत आणि आपल्या स्ट्रिंगच्या (मजकूर साठवणाऱ्या व्हेरिएबलच्या) शेवटी जोडावीत.

मात्र एवढ्याने वजन बरोबर येईलच असे नाही. बफर ही रांग आहे. त्यात जे आधी आले ते आधी बाहेर पडते. प्रोग्राम मागे पडला की ट्रक काट्यावर चढून उभा राहिला तरी पडद्यावर तो चढण्यापूर्वीचे वजन दिसते, आणि पिंपळगावहून कांदा भरून आलेल्या गाडीच्या पावतीवर असा आकडा उमटणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून बफर पूर्ण रिकामा करून शेवटच्या दोन कॅरेज रिटर्नमधला मजकूर तेवढा वजन म्हणून घ्यावा, आधीचा सोडून द्यावा आणि शेवटच्या कॅरेज रिटर्ननंतरचा अर्धवट तुकडा पुढच्या फेरीसाठी जपून ठेवावा. क्विकबेसिकमध्ये स्ट्रिंग उलट्या बाजूने शोधण्याची सोय नाही, त्यामुळे 'इनस्ट्र' हे पुढच्या दिशेने शोधणारे फंक्शन लूपमध्येच फिरवावे लागते.

प्रोग्राम मागे का पडतो, याचे उत्तर बहुधा प्रिंटरमध्ये सापडते. डॉट मॅट्रिक्सवर पावती छापली जात असताना प्रोग्राम अडकलेला असतो, पण इंटरप्टमुळे (अक्षर येताच प्रोसेसरला ते उचलायला लावणाऱ्या संकेतामुळे) बफर भरतच राहतो. मूळ बफर ५१२ बाइटचा. ९६०० बॉड या वेगाला सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात, म्हणजे सलग प्रवाह असेल तर तो अर्ध्या सेकंदातच भरतो आणि ६९ क्रमांकाची ओव्हरफ्लोची एरर येते. पोर्ट उघडताना 'आरबी' पर्यायाने बफर वाढवता येतो, पण त्यामुळे शिळी वजनेही अधिक साठतात. छापण्यापूर्वी पोर्ट बंद करून नंतर पुन्हा उघडणे मला अधिक सरळ वाटते. केबल तीनच तारांची असेल, तर उघडताना 'सीएस०, डीएस०, सीडी०' द्यावे. अन्यथा प्रोग्राम न येणाऱ्या हँडशेकच्या (समोरचे यंत्र तयार असल्याचे सांगणाऱ्या) तारांकडे पाहत टाइमआउट देतो.

'ऑन कॉम' वापरून इव्हेंटवर, म्हणजे अक्षर आले की आपोआप, वाचता येते, परंतु कमांड लाइनवरून कंपाइल करताना /व्ही किंवा /डब्ल्यू हा स्विच द्यावा लागतो. /व्ही प्रत्येक विधानानंतर तपासणी घालते, त्यामुळे फाइल फुगते. /डब्ल्यू फक्त लेबल किंवा ओळक्रमांक असेल तिथेच तपासते, म्हणून लेबल नसलेल्या लांब लूपमध्ये इव्हेंट ताटकळतो. भुईकाट्यासाठी साधे पोलिंगच, म्हणजे प्रोग्रामने स्वतःहून पुन्हा पुन्हा बफर तपासणे, पुरेसे आहे. एरर पकडणारे 'ऑन एरर' मात्र हवेच, कारण त्याशिवाय कंपाइल केलेला प्रोग्राम एरर येताच थेट डॉसमध्ये बाहेर पडतो. त्यासाठी /ई, आणि 'रिझ्यूम नेक्स्ट' (एररनंतरच्या विधानापासून पुढे चालू) वापरले असेल तर /एक्स, हा स्विच लागतो.