भिंतीला आरपार भोक पाडणारा गवंडीच मिळेना (माझा अनुभव)

तीन महिने गेले राव, कामाला नाही, नुसता माणूस शोधायला.

घर आजोबांच्या वेळचं, औसा तालुक्यात. दगड-मातीची दोन फुटी भिंत, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा आमचा फक्त एक कोपरा फाटला, त्यावर गिलावा मारून सगळे मोकळे झाले. इंजिनियर मित्राने यंदा दाखवलं की ही एक भिंत नाहीच, आतली एक बाहेरची एक, मधे माती नि चिपा. हादरा बसला की दोन्ही सुटतात, बाहेरची फुगून पडते. म्हणून दर तीन-साडेतीन फुटांवर आरपार भोक पाडायचं, आकडा केलेली सळई टाकायची, काँक्रीट भरायचं.

आता हे गवंड्याला सांगून बघा! पहिला म्हणाला पाडा अन् कॉलम उभे करा. दुसरा म्हणे सिमेंटचा गिलावा मारतो, काय हलत नाय. तिसऱ्याने सरळ हॅमर ड्रिल लावलं, आतली माती भसाभसा गळायला लागली, मी ओरडून थांबवलं. चौथ्याने दोन हजार ॲडव्हान्स घेतला आणि फोन बंद. शेवटी काकू म्हणाली, अरे खालच्या आळीचे मामा भूकंपानंतर सरकारी कामावर हेच करायचे की. मामा सत्तरीचे, मुलं फक्त स्लॅबची कामं घेतात. ते छोटी पहार घेऊन बसले, ठोका नाही काही नाही, सांध्यातली माती उकरून दगड हलवत हलवत काढला, खांद्यापर्यंत हात आत घातला नि म्हणाले, ''पलीकडून टिचकी मार.'' दोन्ही तोंडाला रुंद, मधे अरुंद असं भोक. दिवसाला चार-पाच, जास्त नाही.

बाकी भिंतींना बांधून ठेवणारा जाळी-सिमेंटचा आडवा पट्टा वगैरे आठवड्यात झालं. फक्त कोंबडीची जाळी घेऊ नका, वेल्डमेशच (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) घ्या, चारी भिंतींवर सलग, जोडाला फूटभर एकावर एक. पाणी दोन आठवडे मारा. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, भिंतीला हात लावायच्या आधी माळवदाची माती उतरवा, दरवर्षी थर टाकून आमच्याकडे दीड फूट झाली होती. आठ इंच ठेवली, मधे प्लास्टिक.

तो चौथा परवा बाजारात दिसला, मला बघून गल्लीत वळला.