कुसळीची कुंडी : लोंबी धरेपर्यंत

आधी चूक कबूल करतो. मागच्या नोंदीत कुंडीतल्या गवताच्या ज्या ठोंबाला मी छातीठोकपणे मारवेल म्हणालो होतो, तो मारवेल नाही, कुसळी हे दुसरं गवत आहे. खरं तर लोंबी यायच्या आधीच ओळखायला हवं होतं. मारवेलच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि माझ्या ठोंबाची पेरं गुळगुळीत आहेत. समोर असून दिसलं नाही.

आता बुडापासून पुन्हा बघितलं. फुटवे एकमेकांना चिकटून वर येतात, धावत्या फांद्या नाहीत. फुटव्याचं बूड दोन बोटांत धरून फिरवायला गेलं तर फिरत नाही, कारण ते चपटं आहे. पानाचं आवरण मधोमध दुमडून तिथे कणा आलेला असतो, म्हणून जुने फुटवे मिटलेल्या पंख्यासारखे दिसतात. पात्याचं टोक होडीच्या नाळेसारखं, बोथट. पातं आणि आवरण जुळतं तिथली जिभली अगदी आखूड, कडेला बारीक केसांची झालर. भिंगाशिवाय ती दिसणं अवघड.

ठोंबाची उंची सध्या ७० सेंटीमीटर, फुटवे ३१. एवढं पुरे, कारण खरी मजा लोंबीत आहे.

पहिली लोंबी साडेपाच सेंटीमीटरची निघाली. लोंबीवर कणिशकं, म्हणजे गवताच्या फुलांचे छोटे घटक, जोडीजोडीने बसतात. खालच्या काही जोड्यांना कुसळ नाहीच, त्यामुळे तेवढा भाग साधा, हिरवा दिसतो. त्याच्या वर प्रत्येक जोडीत दोन तऱ्हा: देठ असलेलं नर कणिशक हिरवं, चपटं, कौलांसारखं एकावर एक बसलेलं, बिनदेठाचं मादी कणिशक तपकिरी, आणि त्यातूनच लांब काळसर कुसळ. कुसळीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस: 'हेटेरोपोगॉन' म्हणजे वेगळी दाढी, 'कॉन्टॉर्टस' म्हणजे पीळ पडलेलं. वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये हे गवत दुसऱ्या प्रजातीत टाकलं होतं, पण 'कॉन्टॉर्टस' हे नाव त्याचंच.

पिकल्यावर सगळी कुसळं एकमेकांत गुंतून शेंड्याला दोर वळला जातो. तो सोडवताना एक बी मोज्यात घुसलं, ते काढताना मोजा गेला. भिंगाखाली कारण कळलं: बियाचं टोक सुईसारखं, आणि त्याच्यावरचे तांबूस ताठ केस सगळे मागे वळलेले. आत जायला मोकळं, बाहेर यायला अडसर.

मग एक बी मेणात उभं रोवलं. कुसळाचा खालचा भाग पिळलेला असतो, वर गुडघ्यासारखा वाक, आणि पुढचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं आडवं. पिळावर पाण्याचा थेंब सोडला. काटा आधी हलेना, मग फिरायला लागला आणि साडेतीन फेरे मारून थांबला. उन्हात ठेवल्यावर पीळ परत बसत गेला तसा उलटा आला. हवा दमट-कोरडी होत राहिली की जमिनीवर पडलेलं बी याच फिरण्याने मातीत उतरतं. हे माहीत होतं, तरी तीन वेळा करून बघितलं.

ताजं बी लगेच रुजत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते. म्हणून २० बिया कागदाच्या पुडीत कोरड्या ठेवल्यात, कुसळांसकट. दहांची कुसळं पेरताना कापणार आणि कुठल्या जास्त आत जातात ते मोजणार.