पुढची जोडी

शेडसमोर आलेला माणूस आधी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारतो. मग वाकून पुढच्या चाकांच्या मधे बघतो, कारण एवढ्या जुन्या ट्रॅक्टरची पुढची चाकंही ओढत असतील असं त्याला वाटलेलं नसतं. "चालू आहे?" मी हो म्हणतो. लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग ठेवलाय कशाला? विकत का नाही?" ऊसतोडीच्या मुकादमानं विचारलं, डाळिंबाच्या व्यापाऱ्यानं विचारलं, थोरल्या जावयानं तर मुलगी बघायला आला तेव्हाच विचारलं. परवा तुम्हीही विचारलंत. मी दरवेळी "असू दे, वडलांचा आहे" म्हणतो आणि चहा सांगतो. ते खोटं नाही, पण उत्तरही नाही. वडलांचं बरंच काही मी विकलेलं आहे. नदीकडचं दीड एकरसुद्धा.

तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा नीट सांगतो.

आमचं रान दक्षिण सोलापुरात, सीनाकाठी. सीना जिथं भीमेला मिळते ते हत्तरसंग कुडल इथून लांब नाही. जमीन काळी, खोल. उन्हाळ्यात भेगांत हात जाईल अशी, आणि पावसाळ्यात पायातली चप्पल काढून घेणारी. गावात या ट्रॅक्टरला 'रशियन' म्हणतात. कारखाना मिन्स्कचा, १९४६ साली निघालेला, आणि मिन्स्क आता बेलारूस या वेगळ्या देशाची राजधानी आहे. पण आमच्या पारावर हा बदल अजून पोचलेला नाही. मॉडेल एमटीझेड ५२, एमटीझेड म्हणजे मिन्स्कच्या त्या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरं. मूळ मॉडेल ५०, त्याची फक्त मागची चाकं ओढतात. ५२ म्हणजे तेच, पण पुढच्या चाकांनाही ओढ दिलेली. चार सिलिंडर, ५५ एचपी, पुढे ९ गिअर, मागे २. त्या काळात पूर्व युरोपातले ट्रॅक्टर राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत शेतकऱ्यांना मिळायचे. आमचा तसा आला नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, पुढं कालव्यांची कामं चालू राहिली, त्यातल्या एका ठेकेदाराकडे हा मातीकामाला होता. काम संपल्यावर त्यानं काढला आणि १९८६ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घेतला. आई म्हणाली होती, "विहिरीवरची मोटर जळालीय, आणि हे काय हत्ती आणलंय दारात." पुढं माती लोटायचं लोखंडी पातं होतं. ते गोठ्याच्या भिंतीला टेकवलंय, म्हशी त्याला अंग घासतात.

अण्णा 'फोर व्हील' असं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे 'पुढची जोडी'. पूर्वी सीनेच्या पात्रातून भरलेली बैलगाडी दरडीवर चढवायची असली की गाडीच्या जोडीपुढं साखळीनं आणखी एक जोडी जुंपायचे. गाडी वर सपाटीला आली की ती सोडून घ्यायची. सपाटीला पुढची जोडी ठेवली तर ती नुसती मागच्यांच्या अंगावर येते. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल मी बरंच वाचलंय, पण यापेक्षा नेमकं कुठं वाचलं नाही.

या ट्रॅक्टरची गंमत अशी, की ती जोडी तो स्वतःच जुंपतो आणि स्वतःच सोडतो. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला ट्रान्सफर केस आहे, म्हणजे ओढ पुढच्या चाकांकडं वळवणारी पेटी, तिथून एक लांब शाफ्ट पुढं जातो. त्या केसमध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखी व्यवस्था आहे. सायकल उतारावर असताना पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, आणि आपण चाकाच्या वेगाच्या पुढं पाय मारला की मगच ते पकडतं, तसंच. पुढच्या चाकांची चाल मागच्यापेक्षा किंचित कमी धरलेली आहे. रान घट्ट असलं की पुढची चाकं नुसती लोटली जातात, शाफ्टवर भार नाही. मागची चाकं चिखलात थोडी जरी घसरली, की तो किंचितचा फरक भरून निघतो, आतले रोलर अडकतात आणि पुढची चाकं ओढायला लागतात. आपण फक्त पुढच्या जोडीचा दांडा लावून ठेवायचा. बसणाऱ्याला एक हलका धक्का कळतो. अण्णा त्या क्षणी नेहमी "आली" म्हणायचे, बैल आल्यासारखं.

या हिशेबात टायरला किती महत्त्व आहे हे मला पैसे गेल्यावर कळलं. मागचं रिम ३८ इंची, पुढचं २०. २००९ साली पुढचे टायर गेले आणि त्या मापाचे कुठं मिळेनात, म्हणून मी जरा उंच टायर चढवून आणले. दिसायला झकास. पण पुढचं चाक उंच झालं म्हणजे एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं, आणि मागच्यापेक्षा जी चाल कमी ठेवलेली होती तीच पुसली गेली. आता मागचं घसरो न घसरो, पुढची जोडी कायम ताणलेली. त्यात दांडा लावलेलाच ठेवून मी कारखान्याला उसाच्या खेपा केल्या. एका हंगामात नवे टायर गुळगुळीत. अण्णा एवढंच म्हणाले, "दरड चढल्यावर सोडायची असते."

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानंतरच्या वर्षांत आहे.

अण्णांचा एक नियम होता. अमावस्येला बैलांना जुंपायचं नाही, त्या दिवशी 'रशियन' चालवायचा. काम असो नसो, अर्धा तास. लिंबू-मिरची बदलायची, नारळ फोडायचा, आणि मग सुरू करायचं. सुरू करणं हाच एक कार्यक्रम. आमच्या इंजिनाला सेल्फ नाही. बाजूला पेट्रोलवर चालणारं एक छोटं, एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक इंजिन आहे, साधारण १० एचपीचं. त्याच्या चाकाला दोरी गुंडाळून ओढायची, ते फटफट करायला लागलं की मग त्याच्या जोरावर मोठं इंजिन फिरवायचं. दोघांचं पाणी एकच, त्यामुळं लहान इंजिन चालताना मोठं कोमट होतं. पोरगं उठलं की बाप उठतो, असं आमच्याकडे म्हणतात. घरातल्या पोरांना ते फार आवडतं, कारण त्यात बाप उशिरा उठतो.

अण्णा २०१३ साली गेले. मी त्याआधीच नवा ट्रॅक्टर घेतलेला होता, ४५ एचपीचा, किल्ली फिरवली की सुरू. रशियनला शेडमध्ये लावला, वर ताडपत्री टाकली आणि म्हटलं, जपून ठेवू. तीन वर्षं मी तो असा 'जपला'.

२०१६ साली ताडपत्री काढली तेव्हा सीटखाली उंदरांचं बिऱ्हाड होतं. ते सोपं. डिझेल टाकी अर्धी ठेवली होती, वरच्या रिकाम्या भागात दर पावसाळ्यात दमटपणा धरून पाणी झालं, ते तळाला बसलं आणि तिथून गंज फिल्टरपर्यंत आला. रेडिएटरमध्ये आमच्या बोअरचं पाणी. ज्या पाण्यानं घरातली पातेली पांढरी होतात तेच मी इंजिनाला पाजत होतो. आतून चुन्याचा थर. ट्रान्सफर केसचा बोल्ट काढला तर ऑइल पडेना. बोट घालून बघितलं, काकवी. त्या काकवीत रोलर जागच्या जागी चिकटून बसलेले. पुढच्या दोन्ही चाकांच्या वरच्या नळकांड्यांत, जिथं बेव्हल गिअर तेलात बुडून फिरतात, तिथले ऑइल सील वाळून कडक झालेले. चालत्या ट्रॅक्टरचा सील तेलानं ओला राहतो म्हणून टिकतो. उभ्या ट्रॅक्टरचा वाळतो, आणि ज्या दिवशी तुम्ही मोठ्या हौसेनं सुरू करता त्या दिवशी फाटतो.

मिस्त्री म्हणाला, "कशाला पैसे घालवायलाव मालक, काट्यावर घाला." काट्यावर म्हणजे भंगाराच्या. मी गप्प बसलो, कारण हे कुणी केलं ते मला माहीत होतं.

दुरुस्तीला आठ महिने लागले. त्यातले तीन तर बेअरिंगचे नंबर कळण्यात गेले. जुन्या बेअरिंगवर ३०८ कोरलेलं, आणि सोलापुरात प्रत्येक दुकानदार म्हणे असा नंबर नाही. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं बेअरिंग हातात घेतलं, व्हर्नियर लावला, आणि आतून ६३०८चा डबा आणून ठेवला. रशियन पद्धतीत साध्या बॉल बेअरिंगच्या नंबरात पुढचा ६ लिहीत नाहीत, एवढीच भानगड. माप तेच. त्या दिवसापासून माझी भीती गेली. सील तर नंबरानं मागायचेच नाहीत. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तीन आकडे सांगायचे. इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ११० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२५, आणि पुढं आलेल्या एमटीझेड ८० आणि ८२ या मॉडेलांच्या इंजिनाचंही माप तेच, त्यामुळं तिकडं आशा असते. बाकीचं लेथवर करून घ्यायचं. एक पार्ट दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवला, तो आला तेव्हा घरात पेढे वाटले असं बायको सांगते. पेढे नव्हते, बालूशाही होती.

रंग मात्र दिला नाही. मिस्त्रीचा भाचा लाल-चकचकीत करून देतो म्हणत होता. जुन्या यंत्राला नवा रंग फासला की ते लग्नात कलप लावून आलेल्या मामासारखं दिसतं. निळा कुठं आहे आणि गंज कुठं आहे ते दिसू दे. मी वरून जळकं ऑइल पुसतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तो कामाचा आहे म्हणून ठेवलाय. २०२० च्या ऑक्टोबरात जो पाऊस झाला, भीमेला पूर आला, त्यानंतर आमच्या खालच्या रानात जानेवारीपर्यंत वाफसा नव्हता. उसाची भरलेली ट्रॉली रुतली. नव्या ट्रॅक्टरची मागची चाकं धुऱ्यापर्यंत खड्डा करून बसली. रशियन पुढं लावला, साखळी ताणली गेली, एक क्षण तोही घसरला, आणि मग 'आली'. ट्रॉली निघाली. फडातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हे सांगायला मला आवडतं, पण शेजाऱ्यानं पुढच्याच वर्षी घेतलेला नवा फोर बाय फोर हेच काम निम्म्या आवाजात, कमी डिझेलमध्ये करतो, आणि उतरल्यावर त्याची कंबर दुखत नाही. तेव्हा कामासाठी ठेवलाय असं मी म्हणणार नाही.

हौस म्हणावी, तर सरकारलाही ती मान्य नाही. २०२१ साली पन्नास वर्षांपुढच्या विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, तेव्हा मी हौसेनं वाचले. त्यात दुचाक्या आहेत आणि माणसं बसवून नेणाऱ्या चारचाक्या आहेत. ट्रॅक्टर नाही. म्हणजे राजेसाहेबांची मोटार विंटेज, आणि आमचा तो जुना.

गिऱ्हाईक मात्र येतात. भंगारवाले वर्षातून दोनदा. एकदा हायवेवरच्या एका हॉटेलचा मालक आला होता, चांगला माणूस, भंगाराच्या तिप्पट देत होता. हॉटेलच्या पुढं चौथरा बांधून त्यावर ठेवणार, खालून रंगीत दिवे, लोक फोटो काढतील. मला मोह झाला. मुलीच्या फीचे दिवस होते. मग तो जाता जाता म्हणाला, "इंजिन काढून घेतलं तरी चालेल तुम्ही. आम्हाला काय, नुसता उभा करायचाय."

नुसता उभा. तीन वर्षं मी तेच केलं होतं, फक्त दिवे लावले नव्हते. मी नाही म्हटलं. विकायला माझी हरकत नाही, आजही नाही. दर अमावस्येला अर्धा तास चालवीन म्हणणारा माणूस आला तर किंमतीत घासाघीस करणार नाही. तसा अजून कुणी आला नाही, म्हणून इथं आहे.

तेव्हा आता नियम पाळतो. टाकी पावसाळ्याआधी गच्च भरलेली. रेडिएटरला शेडच्या पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी. चाकांखाली शहाबादी फरशी, म्हणजे काळ्या मातीची ओल टायरला लागत नाही, आणि वैशाखात टायरवर गोणपाट. अमावस्येला दोरी, पोरगं, बाप, आणि मग नुसतं शेडबाहेर काढून फटफट करत उभं नाही करायचं. पाणी दिलेल्या वाफ्यात न्यायचा, मागची चाकं घसरू द्यायची, म्हणजे रोलर खरोखर अडकतात, जागचे हलतात. डांबरावर कितीही फिरवला तरी पुढच्या जोडीला व्यायाम होत नाही.

गेल्या महिन्यात उजव्या नळकांड्यातून कर्रकर्र आवाज यायला लागला. खोललं. बेअरिंगच गेलंय, आणि नंबर घासून पुसलाय, म्हणून तीन मापं घेऊन दुकानात दिलीत. तो म्हातारा आता दुकानात बसत नाही, नातू बसतो. तो म्हणाला, सोमवारी बघू. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तेरा दिवसांवर आलीय. त्या दिवशी पाहुणे, आंबील, भज्जी, सगळं रानात असतं, आणि पोरांना ट्रॅक्टरवर बसायचं असतं. तोवर बसवून होईल बहुतेक. तुम्ही येणार असाल तर सकाळी लवकर या. माझा खांदा धरलाय, दोरी ओढायला माणूस हवाय.